आगकाड्यांचें शास्त्र

चित्रें पाहणें म्हणजे लाड आणि पाठ करणें म्हणजे अभ्यास, असा समज पेण-रोह्याकडील सुशिक्षित कुटुंबांतहि आम्हांस अद्यापि आढळतो. म्हणून पुण्याचे श्री. अरविंद गुप्ता यांची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

हे गृहस्थ मूळचे बरेलीचे. जन्म १९५३ चा. १९७५ सालीं कानपूरच्या आय. आय. टी.ची पदवी घेऊन ते पुण्यास टेल्कोच्या कारखान्यांत रुजू झाले. पेशा अभियंत्याचा, परंतु वृत्ति शिक्षकाची. होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ पासून एक उपक्रम चालला होता. खेड्यांतील मुलांनीं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावें, हा त्याचा हेतु. १९७८ मध्यें वर्षाची रजा काढून गुप्ता तेथें गेले. अशा शाळांस कांचेचीं उपकरणें कोठून मिळणार? तेव्हां त्यांनीं गांवच्या बाजाराचीच प्रयोगशाळा केली.

सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या, एवढेंच साहित्य. नळीच्या बोटाच्या पेराहून लहान तुकड्यांत दोन बाजूंनीं काड्या खोंचल्या कीं सांधा झाला. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीहि दाबा, आकार बदलत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावतांच कलंडतो. त्यांत कर्णाची काडी बसविली म्हणजे त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोहि ताठ उभा राहतो. आमच्या कौलारू घरांच्या कैच्या त्रिकोणी कां, हें भूमितीच्या पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. माजघरांत मान वर केली कीं दिसतें. जुन्या पद्धतीनें तर्कसंग्रह शिकलेल्यांस आठवेल कीं, धूर आणि अग्नि यांचें साहचर्य पटवितांना नैयायिकहि विद्यार्थ्यास स्वयंपाकघराचाच दाखला देतात!

हें सर्व पुढें पुस्तकांत उतरलें. शब्द थोडे आणि रेघांचीं चित्रें पुष्कळ, असें तें पहिलें पुस्तक १२ भारतीय भाषांत निघालें व त्याच्या ५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. आमच्या मतें रेघांचें चित्र छायाचित्राहून सरस. कारण त्यांत हवें तेवढेंच दाखवितां येतें. मराठींत मुलांसाठीं शास्त्र लिहिणें नवें नव्हे. आमच्याच जिल्ह्यांतील नागांवचे केरूनाना छत्रे यांनीं एकोणिसाव्या शतकांत शाळांसाठीं अंकगणित व पदार्थविज्ञान लिहिलें. तीं पुस्तकें मास्तरांच्या हातीं शोभत. हीं चित्रांचीं पुस्तकें मूल स्वतः उघडतें. एवढा फरक आम्हांस लहान वाटत नाहीं.

२००३ ते २०१४ पर्यंत गुप्ता पुण्याच्या आयुका संस्थेंतील बालविज्ञान केंद्रांत होते; २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. स्वतःचीं व इतरांचीं हजारों पुस्तकें, मराठीसुद्धां, त्यांनीं संकेतस्थळावर विनामूल्य ठेविलीं आहेत. मार्गदर्शिकांवर दरवर्षी पैसे घालणाऱ्या पालकांस ही वार्ता अवश्य कळावी.

ज्यांस घरीं करून पाहावयाचें असेल त्यांनीं काड्यांचें गुल प्रथम खरवडून टाकावें. तीन काड्यांच्या सांध्यासाठीं नळीस बाभळीच्या कांट्यानें भोंक पाडावें लागतें. तें काम मात्र वडील माणसानें करावें.