नानजिंग, जनरल मात्सुई आणि न्यायमूर्ती पाल

गैरसमज : ‘तोक्यो खटल्यात आपल्या न्या. राधाबिनोद पाल यांनी जपानी सेनानींना निर्दोष सोडलं. म्हणजे नानजिंगचं हत्याकांड ही जेत्यांनी रचलेली कहाणी!’

वस्तुस्थिती : हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी पाल यांचं निकालपत्र उघडून पाहिलं असेल, देव जाणे.

जपानी जनरल इवाने मात्सुई १९३५ मध्ये निवृत्त झाले होते. ऑगस्ट १९३७ मध्ये त्यांना परत बोलावून शांघायच्या मोहिमेवर धाडलं गेलं. १३ डिसेंबरला चीनमधलं नानजिंग जपानी फौजेच्या हाती पडलं. १७ तारखेला मात्सुई घोड्यावर बसून विजयी थाटात शहरात शिरले, तेव्हा तिथे कत्तल, लूट आणि बलात्कार सुरूच होते. पहिल्या सहा आठवड्यांत दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली, असं दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या तोक्यो न्यायाधिकरणाचं बहुमताचं निकालपत्र सांगतं.

आता पाल. न्यायाधिकरणाच्या अकरा न्यायाधीशांपैकी ते एक, आणि बहुमताशी असहमत. आक्रमक युद्ध हा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हा नव्हता, ही त्यांची मुख्य भूमिका. पण नानजिंगबद्दल? पुराव्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी जपानी सैनिकांचं तिथलं वर्तन अमानुष होतं यात शंका नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मात्सुईंनी जाणूनबुजून दुर्लक्ष केल्याचं सिद्ध होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आरोपी सुटला म्हणून खून झालाच नाही, असं कुठलं कोर्ट म्हणतं?

आणखी काही गैरसमज :

‘कत्तलीचा हुकूम मात्सुईंचाच.’ बहुमतानेही तसं म्हटलेलं नाही. सैनिकांना आवर घालण्याचं कर्तव्य टाळलं, या एकाच आरोपात ते दोषी ठरले.

‘ते आजारी होते, त्यांना पत्ताच नव्हता.’ आजारी होते, हे खरं. पण काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं, असा न्यायाधिकरणाचा निष्कर्ष आहे.

‘हा सगळा चिनी प्रचार.’ नानजिंगमधल्या अत्याचारांची रोजनिशी लिहिणारे योन राबे जर्मन होते, वर नाझी पक्षाचे सदस्य!

‘मात्सुई नेताजींचे साथीदार.’ मात्सुईंना १९३८ च्या सुरुवातीलाच माघारी बोलावलं गेलं. आझाद हिंद सेना उभी राहिली १९४२ मध्ये.

‘सगळ्या दोषींना शिक्षा झाली.’ नानजिंगमध्ये शिरलेल्या फौजेचे एक सेनापती, राजपुत्र आसाका, राजघराण्यातले म्हणून खटल्यातून वगळले गेले. मात्सुईंना २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी झाली.

या फाशीवर जरूर वाद घाला. मात्र नानजिंग नाकारायला पाल यांचा आधार घेऊ नका. त्यांचं निकालपत्रच तुम्हाला खोटं पाडेल.