जपमाळेशेजारची गोळी

"नाम घेणाऱ्याला कसलं आलंय डिप्रेशन?" हळदीकुंकवाला ऐकलं, वारीच्या वाटेवर ऐकलं, परवा एका बारशातही ऐकलं. पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "श्रद्धा पक्की असेल तर गोळ्या लागतच नाहीत." बोलणारा मायेने बोलतो, हे मला कळतं. तरी संताप येतो, कारण या एका वाक्यापायी माझ्या मावशीचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

मावशीला बायपोलर आजार आहे. लिथियमवर तिची आठ वर्षं छान गेली होती. गावात ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह बसायचा होता. "आता माउलींवर सोड, गोळ्या कशाला?" असं शेजारणीने सुचवलं आणि मावशीने पंधरा दिवस आधीच गोळ्या थांबवल्या. घरात कुणाला पत्ता नाही. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि वर जागर. तिसऱ्या दिवसापासून तिची झोपच उडाली. रात्री दोनला मंडपातली भांडी घासत बसायची, चारला सगळ्यांना उठवायची, अखंड बोलायची. लोक कौतुकाने म्हणाले, "बाई भक्तीत रंगली." पाचव्या दिवशी तिने हातातल्या पाटल्या काढून एका अनोळखी माणसाला देऊन टाकल्या, तेव्हा मामाला शंका आली. घरी शोधाशोध केली तर देव्हाऱ्यात जपमाळेच्या डबीखाली गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी न फोडलेली. पुढचे तीन आठवडे रुग्णालयात गेले.

आता वस्तुस्थिती. लिथियम एकाएकी बंद केलं की उन्मादाचा झटका परतण्याचा धोका चांगलाच वाढतो. कमी करायचंच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. बायपोलर असलेल्या माणसाला सलग जागरण हेही उन्मादाला आमंत्रणच. म्हणजे मावशीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत हवी: लिथियम चालू असताना निर्जळी उपवास धोक्याचा आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियमचं प्रमाण वाढतं आणि त्याची विषबाधा होऊ शकते. एकादशी धरायची असेल तर पाणी पिऊन धरा, आणि आधी डॉक्टरांना विचारा.

बरं, औषध टाकून दे असं आपली परंपरा तरी कुठे सांगते? पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात साधनेतले नऊ अडथळे मोजले आहेत आणि त्यांत पहिलं नाव व्याधीचं आहे. संशय आणि आळस नंतर येतात. पुढच्याच सूत्रात मनाची खिन्नता आणि अंगाचा कंपही येतो. व्याधी हा श्रद्धेच्या कमतरतेचा पुरावा असता तर तिचं नाव वेगळं कशाला घ्यावं लागलं असतं?

इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे महाराष्ट्रात विपश्यना घराघरात पोचली. ती भारतात परत आणणाऱ्या सत्यनारायण गोयंकांचीच गोष्ट घ्या. ब्रह्मदेशात असताना त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, मॉर्फीन घ्यावं लागे. त्यासाठीच ते 1955 मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरूंनी आधी नकार दिला: डोकेदुखीवरचा उपाय म्हणून येणार असाल तर येऊ नका. आजही त्या परंपरेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असतं की, ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही. शिकवणारे स्वतः हे लिहून देतात आणि आपण पंगतीत उलटं सांगत फिरतो.

मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "अमेरिकेत सिद्ध झालंय, ध्यान गोळीइतकंच चालतं." तो अभ्यास खरा आहे. 2022 मध्ये 'जामा सायकियाट्री'त तो आला. त्यात 276 जण होते आणि सगळे चिंताविकाराचे रुग्ण. निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम, निम्म्यांना आठ आठवड्यांचं सजगतेचं प्रशिक्षण, त्यात आठवड्याला एक वर्ग आणि रोज घरी पाऊण तास सराव. दोन्ही गटांना साधारण सारखाच गुण आला. मनापासून आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. पण बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यात घेतलेलंच नव्हतं. मावशीच्या आजाराबद्दल तो अभ्यास एक शब्दही बोलत नाही.

नैराश्याबद्दलचा मोठा अभ्यास 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तिथे 424 जण होते, सगळे आधीच गोळ्यांवर सावरलेले. सजगतेवर आधारलेली उपचारपद्धती शिकून ज्यांनी देखरेखीखाली गोळ्या कमी केल्या, त्यांच्यात दोन वर्षांत 44 टक्के लोकांना आजार उलटला. गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत 47 टक्के. फरक नसल्यातच जमा. म्हणजे काहींना सावकाश, डॉक्टरांशी बोलून गोळ्या कमी करता येतात. "उद्यापासून बंद कर" असं त्यातून कुठेही निघत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ध्यान म्हणजे मन कोरं करणं, हा एक. विचार येतच राहतात. लक्ष भरकटलं हे ओळखून त्याला परत आणायचं, एवढीच साधना, आणि ती शंभर वेळा करावी लागते. ध्यानाने कुणाचंही नुकसान होत नाही, हा दुसरा. 83 अभ्यासांच्या 2020 सालच्या आढाव्यात सुमारे आठ टक्के लोकांना त्रास झाल्याचं दिसलं, त्यात चिंता आणि उदासी सर्वांत जास्त. आधी मोठा आघात झालेला असेल तर दहा दिवसांच्या मौनात उडी घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. मानसिक आजाराच्या सगळ्याच गोळ्यांची सवय लागते, हेही खरं नाही. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची लागते, नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मात्र त्याही एकदम सोडल्या की चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. आणि सतत उदास वाटणं म्हणजे साधना कमी पडली, असं म्हणणाऱ्याने आधी थायरॉइडची तपासणी करायला सांगावी. ते बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो.

उत्तर गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मानसिक आजाराच्या लोकांना घेऊन कुटुंबं येतात. तिथे 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम झाला: मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला तिथल्याच मानसोपचार डॉक्टरांकडेही पाठवतात. कुणाची श्रद्धा काढून घ्यावी लागली नाही. आपल्या सप्ताहाच्या मंडपातही हे सहज होण्यासारखं आहे. निदान विणेकऱ्याशेजारच्या फलकावर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक तरी लिहा; केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

मावशी यंदाच्या सप्ताहालाही होती. हरिपाठ म्हणाली, कीर्तनाला नऊपर्यंत बसली. मग मामा तिला घरी घेऊन आला. जपमाळ आणि गोळ्यांची डबी आता देव्हाऱ्यात शेजारी-शेजारी असतात. तिने गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि जागराच्या टाळांचा आवाज येत असतानाच झोपी गेली.