उभ्या माणसाचा नेम

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर गुडघाभर गवत, दूरवर काळविटांचा कळप आणि रायफल टेकवायला झाडाचं एक खोडही नाही. शिकार चालायची त्या काळात इथे पालथं पडून नेम धरणं अवघडच; गवताआड सावजच दिसेनासं व्हायचं. उभं राहूनच बार काढायचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो शौक संपवला, बरंच झालं. १९७९ साली इथे माळढोकांसाठी अभयारण्य झालं. उभ्याने नेम धरण्याची विद्या मात्र शूटिंग रेंजवर टिकून राहिली.

ती किती अवघड आहे, याचा हिशोब थक्क करतो. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत माफ. दस्ता खांद्यात रुतलेला आणि नळीचं तोंड मीटरभर पुढे धरलं, तर ते तोंड फक्त ०.१६ मिलिमीटर सरकलं की दहा हुकले. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवा. चूक करायला जागा तेवढीच.

आणि उभा माणूस तर सतत डुलत असतो! छाती भात्यासारखी हलते, हृदयाचा ठोका रायफलपर्यंत पोहोचतो, घोट्याचे स्नायू क्षणोक्षणी तोल सावरतात. त्यात रायफल आठ किलोपर्यंत जड. दंडाच्या जोरावर ती पेलायला गेलात तर थोड्याच वेळात हात थरथरू लागतील. म्हणून नेमबाज कंबर पुढे काढून पाठ मागे झुकवतो, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि सगळा भार हाडांवरून थेट जमिनीत उतरवतो. ताठ जाकीट पाठीला आधार देतं. मग अर्धा श्वास सोडून थांबायचं. डुलणं तरीही थांबत नाही, फक्त लहान होतं. ते लहान असतानाच चाप हळूहळू दाबायचा, 'आता!' म्हणून झटका दिला की गोळी भरकटलीच. माझ्या मते हे शरीरापेक्षा मनालाच जास्त जड जातं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी असलेला नेमबाज स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये नेमका उभ्याने नेम धरतानाच चमकला. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि शेवटी उभ्याने गोळ्या मारायच्या असतात. गुडघ्यावर बसून झालं तेव्हा तो सहावा होता, पालथं झोपून झालं तेव्हा पाचवा. उभ्याने मात्र इतर घसरले आणि तो वर सरकत गेला. ४५१.४ गुण, कांस्यपदक. या प्रकारातलं भारताचं पहिलंच ऑलिंपिक पदक.

त्या फायनलचं चित्रीकरण मिळालं तर शेवटच्या, उभ्याने मारलेल्या गोळ्या जरूर बघा. गुणांचे आकडे बाजूला ठेवा आणि नजर त्याच्या डाव्या कोपरावर ठेवा.