कोवळे हात (७) : अकादमीतलं पोर

मागच्या आठवड्यात आपण डिव्हायझेसच्या सराईत होतो. चित्रकार टॉमस लॉरेन्सचा बाप तिथे उतारूंपुढे पोराला उभं करायचा आणि विचारायचा, कविता ऐकता की चेहरा काढून घेता? पोराच्या गुणांचं प्रदर्शन मांडणारं ते घर होतं. आजचं घर वेगळं. या घराने पोराच्या हातापायी आपलं बिऱ्हाड हलवलं.

जॉन एव्हरेट मिले १८२९ साली साउदॅम्प्टनला जन्मला, पण घराणं जर्सी बेटावरचं. (शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या बायका रंगवणारा फ्रेंच मिले हा नव्हे. मराठीत दोघांची नावं सारखीच लिहावी लागतात, त्याला इलाज नाही.) लहानपणी काही काळ कुटुंब ब्रिटनीतल्या दिनाँ गावी होतं. तिथे पलटणीतले शिपाईगडी बघून पोरगा त्यांची चित्रं काढी. एवढ्याशा मुलाने ती काढली यावर एका अधिकाऱ्याचा विश्वास बसेना, म्हणून पैज लागली आणि हरणाऱ्याला सगळ्यांना जेवण घालावं लागलं, असं घरात सांगत. अशा गोष्टी प्रत्येक बालचित्रकाराच्या चरित्रात असतात, तेव्हा थोडं मीठ बाजूला काढून वाचावं.

आई एमिली मात्र गोष्टींवर थांबणारी नव्हती. मुलाची चित्रं घेऊन ती लंडनला रॉयल अकादमीचे अध्यक्ष सर मार्टिन आर्चर शी यांच्याकडे गेली. आधी ते म्हणाले, याला चित्रकार करण्यापेक्षा धुराडी साफ करायला लावा. मग चित्रं पाहिली आणि सूर पालटला: याला शिकवणं हे आईबापांचं कर्तव्यच आहे. कुटुंब लंडनला आलं.

ब्लूम्सबरीत हेन्री सॅस यांची चित्रशाळा होती. तिथे विद्यार्थ्याला आधी प्लास्टरचा पांढरा गोळा काढायला बसवत, मग प्लास्टरचा द्राक्षांचा घड. छायेचा एकेक ठिपका जागेवर पडेपर्यंत सुटका नाही. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्यांना या शिक्षेची थोडी कल्पना येईल. नवव्या वर्षी मिलेला सोसायटी ऑफ आर्ट्सचं रौप्यपदक मिळालं. ते देणारे ड्यूक ऑफ ससेक्स त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले. एवढा छोटा माणूस त्यांना दिसेचना.

पदकाचं कौतुक सगळ्यांनाच झालं नाही. शाळेतल्या एका दांडगट मुलाने त्याला पाय बांधून खिडकीबाहेर उलटा टांगला. रस्त्यावरच्या लोकांनी बघून दाराची घंटा वाजवली, म्हणून तो वाचला. मिलेच्या मुलाने १८९९ साली छापलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे, आणि त्याचा उत्तरार्धही. तो दांडगट पुढे चित्रकार म्हणून फसला आणि पोटासाठी मिलेसमोरच मॉडेल म्हणून बसू लागला. मला या चरित्रातलं हे पान सगळ्यांत जड वाटतं. सॅसच्या शाळेत गोळा आणि द्राक्षं दोघांनीही काढली होती.

१८४० साली, अकराव्या वर्षी, मिले रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाला. इतक्या लहान वयात तिथे आधीही कोणी गेलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाकीचे विद्यार्थी त्याला ‘पोर’ म्हणत आणि ते नाव चिकटलं. शिकण्याची वाट ठरलेली होती: आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर नकला, त्या साधल्या की जिवंत माणूस. (जे. जे. स्कूलमध्येही पुढे अशाच नकलांवरून हात घडवले गेले.) १८४३ साली पुतळ्यावरच्या रेखाटनाला रौप्यपदक, १८४७ साली तैलचित्राला सुवर्णपदक. मधल्या काळात राल्फ थॉमस नावाच्या गृहस्थाकडे वर्षाला शंभर पौंडांवर तो चित्रं करून देई. म्हणजे लॉरेन्सची सराई त्यालाही पूर्णपणे चुकली नाही.

सोळाव्या वर्षी, १८४६ साली, त्याचं ‘पिझारो’ अकादमीच्या प्रदर्शनात लागलं. पेरूच्या इंका राजाला पालखीतून खाली ओढतायत, बाजूला पाद्री क्रूस उंचावतोय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते आहे. त्यात एकही हात चुकलेला नाही आणि एकही हात त्याचा स्वतःचा नाही. जुन्या उस्तादांच्या चित्रांतून उचललेल्या माणसांचा तो सुरेख मेळ आहे.

इथे त्याला होल्मन हंट भेटला हे बरं झालं. हंट दोन वर्षांनी मोठा, गोदामातल्या व्यवस्थापकाचा मुलगा. अकादमीत प्रवेश मिळायला त्याला अनेकदा धडपडावं लागलं होतं. ज्याला काहीच सहज आलेलं नाही तो सहज येणाऱ्या गोष्टींकडे संशयाने बघतो. तिसरा सोबती रोझेटी. १८४८च्या सप्टेंबरात गॉवर स्ट्रीटवर, मिलेच्या आईबापांच्याच घरी, ‘प्री-राफेलाइट’ मंडळी जमली. राफेलनंतर चित्रकला घोटीव झाली, तपकिरी छायेत बुडाली, तेव्हा त्याच्याही आधीच्या काळाकडे जाऊ, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्याच वर्षी मिलेने ‘इसाबेला’ मांडलं. जेवणाचं टेबल, दोन्ही बाजूंना ओळीने माणसं, बहुतेकांचे चेहरे बाजूने दिसणारे आणि ओळखीचे, कारण बसलेले सगळे मित्र नि नातलग. छाया जवळजवळ नाही. पुढच्या बाजूला इसाबेलाचा भाऊ अक्रोड फोडता फोडता बहिणीच्या कुत्र्याकडे पाय झाडतोय. तो लांबलचक पांढरा पाय अकादमीच्या कुठल्याही नियमात बसत नाही. सगळं चित्र त्या पायाने बिघडतं, आणि त्यानेच ते जिवंत होतं. तेव्हा मिले एकोणीस वर्षांचा होता.

१८५० साली त्याने सुताराच्या दुकानातला बाल येशू रंगवला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या खऱ्या दुकानात बसून काम केलं, जोसेफचे हात खऱ्या सुतारावरून घेतले, मेंढ्यांची डोकी खाटकाकडून आणली. हे मात्र कोणाला मानवलं नाही. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात त्यातल्या मुलाला आणि मेरीला कुरूप ठरवून चित्राची चामडी सोलली. व्हिक्टोरिया राणीने चित्र राजवाड्यावर मागवून घेतलं. ज्या पोराला दहा वर्षं सगळे कडेवर घेत होते, त्याला पहिल्यांदाच धपाटे बसले.

दोन वर्षांत ‘ओफेलिया’ आलं आणि वारं फिरलं. १८५३ साली अकादमीने त्याला, चोविसाव्या वर्षी, सहसभासद करून घेतलं. रोझेटीने बहिणीला पत्रातून कळवलं की आपली मंडळी आता मोडली. पण त्या वर्षी मिलेच्या डोक्यात मंडळीपेक्षा दुसरंच काही होतं. उन्हाळ्यात तो समीक्षक रस्किन आणि त्याची बायको एफी यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेला होता. तिथल्या झोपडीतल्या पावसाळी दिवसांबद्दल पुढच्या आठवड्यात.