एका रुपयाला ३६६ किलो तोफ

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या माणसाला वजनाचं भय सांगू नये. दिवाळी उरकली की इकडच्या टायरगाड्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि एकेका गाडीवर दोन-दोन टन ऊस चढतो. अशा २७ गाड्या एका ओळीत उभ्या करा. तो सगळा ऊस उतरवा आणि तेवढंच वजन अवघ्या १४ फुटांत ठासून भरा. तरी थोडं कमीच पडेल, कारण मुलूख-ए-मैदान तोफ भरते ५५ टन! रेल्वेचा रिकामा स्लीपर डबा साधारण ४० टनांचा. म्हणजे जवळजवळ दीड डबा, आणि तोही टेम्पोएवढ्या लांबीत!

ही तोफ कुठल्या परमुलखातली नाही. चौसाळ्याहून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर परंड्याचा किल्ला आहे, तिथे ती कित्येक वर्षं होती. ओतली गेली १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशाहाच्या अहमदनगरात. ओतणारा मात्र लांबचा, मुहम्मद रूमी. रूमी म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या मुलखातला. इस्तंबूल इथून सरळ रेषेत सुमारे ५,००० किलोमीटर. मुंबई-पुणे रस्ता तेहतीस वेळा तुडवा, म्हणजे अंदाज येईल. एवढ्या लांबून आलेलं कसब सीनाकाठच्या भट्टीत उतरलं.

आता त्या भट्टीपाशी उभे राहू. ५५ टन काशासारखा धातू वितळला की सहा हजार लिटरच्या वर रस होतो. दुष्काळात गावोगाव फिरणारा ट्रॅक्टरमागचा ५,००० लिटरचा टँकर आठवा. तो भरून सांडेल एवढा रस, हजार अंशांच्या आसपास तापलेला, आणि साच्यात सोडायचा! कसा सोडला असेल ते धातूवाल्यांनी सांगावं. आपण आकड्यानेच गार झालो.

आणि गंमत पुढेच आहे. खुद्द तुर्कांची नावाजलेली दार्दानेल्सची तोफ १४६४ मधली, मुनीर अलीने ओतलेली. तिचं वजन १६.८ टन, आणि तीही दोन तुकड्यांची, आटे फिरवून जोडायची. आपली तिच्या तिपटीहून जड! माहेरापेक्षा सासरी बाळसं धरलं म्हणा ना.

पण रूमी नुसता वजनाचा कारागीर नव्हता. तोंडाशी या: अक्राळविक्राळ जबडा, सुळे बाहेर, आणि त्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. अंगावर कोरलेल्या अक्षरांत ओतणाऱ्याचंही नाव आहे. तुर्की तोफ म्हणजे अशी बोलकी वस्तू. आम्ही कोण, हे ती बार उडण्याआधीच सांगते. ती ओळख किती हवीहवीशी, तर तोफ विजापूरला गेल्यानंतर, १६८६ मध्ये ते शहर घेतल्यावर औरंगजेबानेही आपला लेख हिच्याच अंगावर कोरून घेतला.

तोंडाचा आतला व्यास ७० सेंटिमीटर. त्यात बसणारा लोखंडी गोळा भरेल सुमारे १२ क्विंटल. सोयाबीनचे ५० किलोचे २४ कट्टे एकदम अंगावर आले तर काय होईल!

१६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ही परंड्याहून विजापूरला नेली. सरळ रेषेतच १६० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याहून जास्त, आणि वाटेत भीमा आडवी. सांगतात, १० हत्ती आणि ४०० बैल जुंपले होते. बैलांच्या २०० जोड्या एकामागे एक लावा, जोडीला तीन मीटर धरा, रांग होते ६०० मीटर. २४ डब्यांची एक्स्प्रेसही एवढी लांब नसते! बीडला रेल्वे पोहोचायला २०२५ उजाडलं. रूमीच्या तोफेसाठी बैलांची आगगाडी ३९३ वर्षं आधीच धावली.

आता श्वास रोखा. १८५४ मध्ये साताऱ्याच्या इंग्रज कमिशनरच्या हुकमावरून तोफ लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली किती? १५० रुपये! भागाकार करा: एका रुपयाला ३६६ किलो. एका आण्याला जवळजवळ २३ किलो! आज काशाच्या भंगाराला किलोमागे ५०० रुपये धरले तरी नुसत्या धातूचे पावणेतीन कोटी होतात, आणि त्यात त्या जबड्याचा, त्या हत्तीचा, त्या अक्षरांचा एक पैसाही धरलेला नाही. बोली फारच कमी म्हणून लिलाव रद्द झाला. इंग्रजांच्या हिशेबीपणाचे असे उपकार क्वचितच मानावे लागतात.

तोफ आजही विजयपूरच्या, म्हणजे जुन्या विजापूरच्या, शेरझा बुरुजावर आहे. चौसाळ्यावरून जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोलापूर ओलांडून त्याच शहरात जातो. सकाळी निघालात तर दुपारी बुरुजावर असाल. तोफेच्या अंगावर बोटाने टिचकी मारा. ५५ टनांचं ते धूड घंटेसारखं वाजतं.