पेशी एकमेकींना कशा धरतात?

तेरेखोल किल्ल्याखालच्या खडकांवर लाटा दिवसरात्र आदळतात. ओल्या दगडावर आपला डिंक टिकायचा नाही. पण गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावरचं शिनाणं, म्हणजे शिंपल्यातला एक जीव, पायातून बारीक धागे काढून अशाच दगडाला घट्ट बिलगतं. धाग्याच्या टोकाशी असलेल्या प्रथिनांत ‘डोपा’ हा घटक असतो आणि तो पाण्यातही पकड घेतो.

त्या खडकावर टेकलेल्या आपल्या हाताचं काय? त्वचेच्या पेशी एकमेकींना धरतात त्या कॅड्हेरिन या प्रथिनांनी. शेजारच्या दोन पेशींचे रेणू समोरासमोर गुंततात, पण कॅल्शियम असेल तरच. जपानचे शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांना कॅड्हेरिनचा माग या कॅल्शियममुळेच लागला. पेशीखालच्या आधाराला धरून ठेवणारं प्रथिन वेगळं, इंटेग्रिन.

पेशींच्या या चिकटण्याबद्दल मला सर्वांत विलक्षण वाटतो तो १९०७ चा प्रयोग. शास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी पाण्यात विखुरल्या, मग हळूहळू एकमेकींना चिकटत गेल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला!

कर्करोगाच्या अनेक गाठींत मात्र कॅड्हेरिनचाच एक प्रकार, ई-कॅड्हेरिन, घटतो. मग पेशी शेजारणींचा हात सोडून रक्तावाटे दूर जाऊ शकतात.