बाण येण्याआधी

2025 च्या एप्रिलमध्ये ‘ऑब्लिव्हियन’ हा संगणकावरचा जुना खेळ नव्या रूपात आला. ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी विक्रीलाही लागला. चेहरे नवे, गवत नवं, तळ्यावरचा उजेड नवा. वरचं चित्र पाचव्या अन्‌रियल इंजिनाचं आणि आत 2006 चंच जुनं यंत्र. तीन महिन्यांनी, जुलैत, ज्युलियन लफे गेले. ऑब्लिव्हियन ज्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला, तिचे ते जनक. ‘अरीना’ आणि ‘डॅगरफॉल’ हे तिचे पहिले दोन खेळ त्यांनी बेथेस्डा कंपनीत उभे केले. या मालिकेतल्या जगात ज्युलियानोस नावाचा एक देव आहे, विद्येचा आणि तर्काचा. ते नाव त्यांच्यावरूनच पडलेलं.

नवा ऑब्लिव्हियन सुरू करताना मला एकच आशा होती. बाकी काही दुरुस्त करा न करा, पुढे कुठे जायचं ते दाखवणारा तो होकायंत्रावरचा बाण तरी आता ऐच्छिक करा. पळण्याची सोय आली, पातळी वाढण्याची पद्धत सुधारली. बाण जिथल्या तिथे. एकोणीस वर्षांत तो कोणाला खुपलाच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहत खेळायच्या या अद्भुतखेळांचा इतिहास लांबलचक आहे. ‘विझर्ड्री’ 1981 चा, ‘डंजन मास्टर’ 1987 चा. चौकटीचौकटीने सरकणारी ती भुयारं मी नंतर पाहिली. त्यांच्याबद्दल आदर आहे, जीव नाही. 1992 चा ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ मात्र खरा मोठा. त्यात जमिनीला उतार होता, मान वर करून छत बघता येत होतं, आणि तो ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’च्याही थोडा आधी आला. 1996 चा डॅगरफॉल आकाराने ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचं सांगितलं जाई. गावं हजारोंनी, पण यंत्राने पाडलेली. एक पाहिलं की सगळी पाहिली.

माझं दशक 2002 ते 2011, म्हणजे याच मालिकेतल्या ‘मॉरोविंड’पासून ‘स्कायरिम’पर्यंत. सांगलीत तेव्हा भारनियमनाने जीव नकोसा केला होता. वीज कधी जाईल याचा नेम नसे, त्यामुळे एफ-फाइव्ह दाबून खेळ राखून ठेवायची सवय बोटांतच बसलेली. मी मराठी माध्यमातला. मॉरोविंड हा मुख्यतः वाचायचा खेळ होता. माणसं दोनचार वाक्यं तोंडाने बोलत, बाकी सगळं पडद्यावर छापून येई; शिवाय कपाटांत पुस्तकं, तीही खरोखर पानं उलटून वाचायची. शेजारी शब्दकोश ठेवून मी ती वाचली. शाळेतल्या इंग्रजीपेक्षा जास्त इंग्रजी मला तिथे मिळालं.

पण मुद्दा वाटेचा आहे. बाल्मोरा गावात सुरुवातीलाच एक काम मिळतं: आर्कंगथांड नावाच्या भग्नावशेषातून एक कोड्याची पेटी आणायची. नकाशावर खूण नाही. माणूस तोंडी वाट सांगतो: गावाबाहेर पडा, मूनमॉथचा किल्ला ओलांडा, पुढे लाव्ह्याच्या वाळलेल्या दरीवर जुना पूल लागेल, त्या पलीकडे. पुलापर्यंत पोचलो की दार दिसतं, पण उघडत नाही. जवळच्या नळकांड्यावर एक चाक असतं, ते फिरवलं की दगडी दार करकरत सरकतं. आत ती पेटी म्हणजे एका फळीवर पडलेला धातूचा लहानसा चौकोनी ठोकळा, बाकी भंगारात सहज लपणारा. कितीजण तिच्यासमोरून पुढे निघून गेले असतील! ती हातात आली तेव्हा मला झालेला आनंद, नंतर कुठल्याही ड्रॅगनला मारून झाला नाही.

आपल्याकडे गावात वाट विचारली की पिंपळाचा पार, मारुतीचं देऊळ, बंद पडलेली गिरणी असं सांगत नेतात. मॉरोविंडची माणसं तसंच सांगत. म्हणून तो किल्ला, तो पूल, ती दरी आजही मला नावानिशी आठवतात.

मॉरोविंडमध्ये दोष नव्हते असं कोण म्हणेल? तलवार समोरच्याच्या छातीतून आरपार गेलेली दिसते आणि आतल्या आकडेमोडीत फासा उलटा पडला म्हणून वार फुकट! हे दृश्य पहिल्या संध्याकाळीच अनेकांना पळवून लावी. माणसं दिवसरात्र एकाच जागी खांबासारखी उभी. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी पाठ सोडत नसत. आणि सांगितलेली वाट कधीकधी चक्क चुकीची असे. तरीही ते जग खेळणाऱ्याला मोठं माणूस समजून वागवत होतं. सुरुवातीच्या गावाबाहेर पडलं की आभाळातून किंचाळत एक जादूगार खाली कोसळून मरतो. त्याच्या अंगावर उड्डाणाचे मंत्र सापडतात. एक वाचून पाहिला की तुम्ही डोंगरांवरून झेपावता आणि उतरताना दुसरा मंत्र वेळेत वाचला नाही तर त्याच्यासारखेच मरता. खेळ काही समजावत नाही, अडवतही नाही. तेल्वानी घराण्याच्या जादूगारांच्या मनोऱ्यांत वर जायला जिने नाहीत. ज्याला तरंगता येत नाही त्याचं वर कामच काय? संघात बढती हवी तर अंगी कौशल्य लागे. कथेतला महत्त्वाचा माणूस मारलात तर खेळ एवढंच कळवी की भविष्यवाणीचा धागा तुटला; पुढे त्या मोडलेल्या जगातही राहता येई.

2006 मध्ये ऑब्लिव्हियन आला आणि प्रत्येक माणूस तोंडाने बोलू लागला. पॅट्रिक स्टुअर्टचा सम्राट, शॉन बीनचा मार्टिन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घसरण इथूनच सुरू झाली असं मी आजही मानतो. प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करायचं म्हटल्यावर वाक्यं आखडतात. लांब वाट तोंडी कोण सांगणार? मग बाण आला. बाण आल्यावर वाट लिहायची गरजच उरली नाही. ‘नको असेल तर बघू नका’ असं मला त्या काळी अनेकांनी ऐकवलं. त्यांना माझं तेव्हाही हेच उत्तर होतं: बाण झाकला तर हातात काय राहतं? ‘अमुक गुहेतून तमुक वस्तू आणा’, एवढंच. गुहा कुठे आहे ते खेळात कोणीच सांगत नाही. बाण वाटेच्या मदतीला आलेला नव्हता, वाटेच्या जागी आला होता.

मग बाकीचंही ढासळलं. शहरं वेशीआड वेगळी कोंडली, म्हणून तरंगणं काढून टाकलं. महत्त्वाची माणसं मरेनाशी झाली, नुसती बेशुद्ध पडू लागली. आणि सारं जग तुमच्याबरोबर वाढू लागलं: रस्त्यावरचा लुटारू काचेचं महागडं चिलखत घालून शंभर मोहरा मागतो. मॉरोविंडमध्ये चुकीच्या गुहेत शिरलात तर मरत होतात, पुढे बळ कमावून परत येत होतात. इथे परत येण्यात अर्थच उरला नाही. घोड्याच्या चिलखताचे वेगळे पैसे लावायचा शोधही त्याच वर्षीचा.

याच खेळात मारेकऱ्यांच्या गुप्त संघाची गोष्ट आहे. स्किनग्राडच्या एका बंद हवेलीत पाच पाहुणे, सहावे तुम्ही. त्यांना वाटतं आत खजिना दडलाय. तुम्हाला ठाऊक असतं की एकेकाला संपवायचंय. त्यांच्याशी बोलत, एकाचा संशय दुसऱ्यावर ढकलत तुम्ही रात्र काढता. या मालिकेत याहून चांगलं लेखन मला आढळलं नाही. कारण साधं आहे: सगळं एका घरात घडतं, आणि तिथे बाणापेक्षा ऐकणं कामाला येतं.

त्या दशकात या मालिकेबाहेरचेही खेळ होते. ल्योंच्या आर्केन कंपनीने 2002 मध्ये ‘आर्क्स फॅटालिस’ काढला. माउसने हवेत अक्षरं गिरवून त्यात मंत्र म्हणायचा. राक्षस अंगावर येत असताना रेघ वाकडी गेली की मंत्र वाया. अशी जादू पुन्हा फार कोणी केली नाही. त्यांचाच ‘डार्क मसाया’ 2006 चा. लाथ घालून शत्रूला खिळ्यांवर फेकण्यापलीकडे त्यात मला फारसं सापडलं नाही.

स्कायरिम 2011 च्या नोव्हेंबरात आला. सुंदर. त्यातल्या बर्फाळ डोंगरांइतकं देखणं काही तेव्हा पाहिलं नव्हतं. ब्लीक फॉल्सच्या थडग्यात एक बंद दार आहे; त्याची किल्ली म्हणजे सोन्याचा पंजा. तो पिशवीत उलटा करून पाहिला की तळव्यावर कोड्याचं उत्तर कोरलेलं दिसतं. असं बघायला लावणाऱ्या जागा जास्त का नाहीत? मॉरोविंडमधली सत्तावीस कौशल्यं इथे अठरा उरली, मंत्र स्वतः घडवणं गेलं, आणि दोनचार मंत्र येणारा माणूस विंटरहोल्डच्या विद्यापीठाचा प्रमुख होऊ लागला.

मालिकेच्या सहाव्या भागाची घोषणा 2018 मध्ये झाली. तो येईल तेव्हा डोंगर आणखी देखणे असतील यात शंका नाही. इकडे ‘टॅमरिएल रीबिल्ट’ या प्रकल्पाचे स्वयंसेवक आजही मॉरोविंडच्या मुख्य भूमीचे नवे प्रदेश बिनपगारी बांधताहेत, आणि त्यांच्या गावांतली माणसं अजून तोंडीच वाट सांगतात. इतक्या पगारी लेखकांच्या कंपनीला तेवढं जमू नये?